लॅम्डा भागिले किती?

नाशकात कुठल्याही गोष्टीचा दर्जा ठरवायला फार वेळ लागत नाही. लासलगावच्या बाजारात व्यापारी ट्रॉलीतल्या कांद्यात हात घालतो, चार कांदे वर काढतो, एक दाबून बघतो आणि भाव बोलतो. अख्ख्या ट्रॉलीचा निकाल लागला. मिसळीचा निकाल रश्शाचा रंग बघून लागतो, द्राक्षांचा देठ बघून लागतो आणि गोदावरीला पूर किती आला याचा निकाल दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी आहे की कमरेला यावरून लागतो. अशा गावात एखाद्याने घरी बसून दुर्बिणीचा आरसा घासावा आणि चार जणांना विचारावं, "कसा झालाय?" उत्तरांना तोटा नसतो. माझं निरीक्षण एवढंच, की उत्तर जितकं पटकन येतं तितका तो आरसा उत्तर देणाऱ्याने कमी पाहिलेला असतो.

असा एक आरसा आमच्या सिडकोतल्या कॉलनीत आहे. तो घासणारे काका मायकोच्या टूलरूममधून निवृत्त झाले. कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं, पण सातपूरला कामावर जाणारा माणूस नाशकात अजूनही 'मायकोतच' जातो. तिथे डिझेल इंजिनांच्या नोझल बनतात आणि त्यांच्या सुईचं माप मायक्रॉनमध्ये बोलायचं असतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काकांचं उभं आयुष्य या हजाराव्या भागात गेलं. पोळी जाड झालीय का, असं काकूंनी विचारलं तर "टॉलरन्स काय धरलाय?" असा उलट प्रश्न येतो.

टूलरूममध्ये 'गो, नो-गो' नावाचं एक गेज असतं. त्याचं एक टोक भोकात शिरलं पाहिजे आणि दुसरं शिरता कामा नये. शिरलं-न शिरलं, पास-नापास, पुढचा नग. मतभेदाला जागा नाही, चर्चेला चहा लागत नाही. काकांची न्यायाची कल्पना या गेजवर पोसलेली. दुर्बिणीचा आरसा घासायला घेतला तेव्हा त्यांना वाटलं, शेवटी असंच काहीतरी गेज लावायचं आणि मोकळं व्हायचं. आरशाला असं गेज नसतं, हे कळेपर्यंत काच अर्धी घासून झाली होती. परत फिरायची सोय नव्हती.

घासायची रीत ऐकायला सोपी आहे. सहा इंच व्यासाच्या दोन जाड काचेच्या चकत्या घ्यायच्या. एक खाली, एक वर, मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची पूड. वरची चकती मागे-पुढे घासायची, जराशी फिरवायची, आपणही टेबलाभोवती एक पाऊल सरकायचं, पुन्हा घासायची. साचा नाही की यंत्र नाही. तरी वरची काच आपोआप खोलगट होत जाते आणि खालची फुगत जाते, कारण कशाही सरकवल्या तरी एकमेकींना चिकटून राहतील असे पृष्ठभाग दोनच, सपाट किंवा गोलाचा तुकडा. ८० नंबरच्या भरड पुडीने सुरुवात करायची, मग १२०, २२० असं करत ६०० पर्यंत बारीक व्हायचं आणि शेवटी पिचवर सेरियम ऑक्साईडने पॉलिश. या सगळ्या खटाटोपातून काकांच्या आरशाच्या मध्यभागी जो खड्डा पडला तो सव्वा मिलिमीटरही भरत नाही.

पूड बदलताना मात्र सगळं धुवावं लागतं. टेबल, बादली, फडकी, नखं, केस. ८० नंबरचा एक कण मागे राहिला तर पॉलिशच्या वेळी तो सगळ्या मेहनतीवर रेघ मारून जातो. काकूंच्या सासूबाईंनी हयातभर सोवळं पाळलं, पण आंघोळ करून बनियन बदलल्याशिवाय टेबलाला शिवायचं नाही, हा नियम त्यांनाही सुचला नव्हता.

हा उद्योग पावसाळ्यात चालतो. एक तर आभाळ झाकलेलं, त्यामुळे आकाशाकडे बघायचा मोह नाही. दुसरं म्हणजे पिच. राळेच्या जातीचा हा काळा पदार्थ हवामान बघून वागतो. एप्रिलमध्ये नाशकात पारा चाळिशीला टेकला की ते पाघळतं आणि निफाडकडून थंडीची लाट आली की दगड होतं. श्रावणात ते माणसात असतं. काकांनी ते गॅसवर, काकूंच्या जुन्या पातेल्यात वितळवलं. ते पातेलं पुढे पातेलं म्हणून राहिलं नाही.

आरसा घासणाऱ्यांच्या घरच्यांनी काय सोसायचं याला जुनी परंपरा आहे. विल्यम हर्शेल हा बाथ गावातला संगीतकार. त्याने घरी धातूचे आरसे घासले. एकदा तो सलग सोळा तास आरशावरून हात न काढता पॉलिश करत होता आणि त्याची बहीण कॅरोलाईन त्याला घास भरवत होती, असं तिनेच लिहून ठेवलं आहे. १७८१ साली त्याने अशाच घरच्या सहा इंची आरशातून युरेनस शोधला. काकांनी ही गोष्ट काकूंना दोनदा ऐकवली. काकू म्हणाल्या, "तुम्ही आधी युरेनस शोधा, मग भरवते."

आता आरसा 'चांगला' म्हणजे किती चांगला, याचं माप. इथे सगळे घोळ सुरू होतात.

हे माप प्रकाशाच्या लहरीत मोजतात. तिच्या लांबीला लॅम्डा म्हणतात. हिरव्या प्रकाशाची लहर ५५० नॅनोमीटरची. लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात घालून दिलेला दंडक असा, की दुर्बिणीतून येणाऱ्या लहरीत पाव लॅम्डापेक्षा जास्त चूक नसली तर प्रतिमा चांगली म्हणायची. आरशावर प्रकाश जातो आणि परत येतो, म्हणून पृष्ठभागावरची चूक दुप्पट होते. तेव्हा काचेवर फक्त एक अष्टमांश लॅम्डा माफ. हिशेब केला तर सुमारे ६९ नॅनोमीटर. माणसाच्या केसाच्या जाडीचा हजारावा भाग, किंवा काकांच्या भाषेत, मायक्रॉनचा चौदावा हिस्सा. मायक्रॉन हे ज्यांच्या आयुष्यातलं शेवटचं माप होतं, त्यांना निवृत्तीनंतर कळलं की ते तर ढोबळ माप आहे. दोन दिवस काका कोणाशी बोलले नाहीत.

६९ नॅनोमीटर डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून नाशिककराला समजेल असं सांगतो. समजा हा सहा इंची आरसा ताणून नाशिक ते पुणे एवढा रुंद केला. दोनशे किलोमीटर धरू. तर या अख्ख्या अंतरात सगळ्यात उंच उंचवटा आणि सगळ्यात खोल खड्डा यांत फरक असायला परवानगी आहे नऊ सेंटिमीटरची. द्वारका चौकापासून नाशिक फाट्यापर्यंत, मध्ये सिन्नर, संगमनेर, चंदनापुरी घाट सगळं धरून, चार बोटं! ज्याने हा रस्ता पावसाळ्यात केला आहे, त्याला घरी घासलेल्या आरशाबद्दल आदर वाटायला आणखी काही सांगावं लागू नये.

गंमत म्हणजे याच रस्त्यावर नारायणगावाजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्याही आरसेच आहेत, फक्त रेडिओ लहरींचे. या लहरींची लांबी २१ सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत, त्यामुळे तिथे माफी सेंटिमीटरमध्ये मिळते आणि आरसा म्हणून तारेची जाळी पुरते. जाळीच्या भोकात बोट जातं, वारा आरपार जातो, पाखरू बसतं, तरी विश्वाचा आवाज बरोबर ऐकू येतो. काकांना खोडद दाखवून आणलं तेव्हा ते जाळीकडे बराच वेळ बघत राहिले. "आपण चुकीची लहर निवडली," म्हणाले.

तर निकालाकडे. पहिला निकाल लागतो तो चकाकीवर. "काय लखलखतोय!" म्हणजे आरसा पास. पण आकार तपासायचा तेव्हा त्यावर मुलामा चढलेलाच नसतो. नुसती काच असते, अंगावर पडलेल्या प्रकाशातला जेमतेम चार टक्के परत देणारी. सगळ्या परीक्षा या चार टक्क्यांवर होतात. नंतर निर्वात पेटीत अॅल्युमिनियमचा मुलामा चढवतात. त्याला काकू 'कल्हई' म्हणतात आणि तांब्याच्या भांड्यांच्या गावात हाच शब्द चालायचा. हा थर मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढा पातळ, म्हणजे काचेवर जो खड्डा असेल तो इमानेइतबारे जसाच्या तसा चकचकीत करून देणारा. वाईट आरसा कल्हई करून चांगला होत नाही, तो फक्त जास्त प्रकाशात वाईट दिसतो. उलट, ज्यावर लोक सगळ्यात आधी बोट ठेवतात तो ओरखडा किंवा कडेचा उडालेला टवका बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. थोडा प्रकाश विखुरतो, बस्स. जी चूक घात करते ती दिसत नाही आणि जी दिसते ती घात करत नाही. पण पाहुण्याला ओरखडा दाखवू नये. त्याचं मत तिथेच कायम होतं.

दुसरा निकाल तोंड बघून लागतो. आरसा म्हटला की माणूस आधी त्यात स्वतःला बघणार. खोलगट आरशाजवळ गेलं की चेहरा मोठा दिसतो. शेजारच्या वहिनींनी मुलामा चढवलेल्या आरशात डोकावून "यात माणूस जाडा दिसतो, बिघडलाय," असा शेरा दिला. काकू लांब, देवघरापाशी उभ्या होत्या. तिथून त्यांना आपलीच आकृती उलटी, डोकं खाली पाय वर अशी दिसली. त्या म्हणाल्या, "मला तर उलटी दाखवतोय. साफच बिघडलाय." दोघींची निरीक्षणं शंभर टक्के बरोबर होती आणि दोन्ही निकाल शंभर टक्के चूक. खोलगट आरशाने नेमकं हेच करायचं असतं.

खरी परीक्षा फुकोची. पॅरिसमध्ये लंबक टांगून पृथ्वी फिरते हे दाखवणारा लिआँ फुको तो हाच. १८५८ साली त्याने आरसा तपासायची अशी युक्ती काढली की तिच्यापुढे आजही हौशी माणूस हात जोडतो. आरशासमोर त्याच्या वक्रतेच्या केंद्रापाशी प्रकाशाचा बारीक ठिपका ठेवायचा. काकांच्या आरशासाठी हे अंतर सुमारे २.४ मीटर, म्हणजे हॉलमध्ये देवघरापासून चपलांच्या रॅकपर्यंत. परत येणारा प्रकाश जिथे गोळा होतो तिथे एका धारेने तो हळूच कापायचा आणि धारेमागे डोळा ठेवून आरशाकडे बघायचं. आरसा गोलाचा बिनचूक तुकडा असेल तर तो एकदम, सगळीकडे सारखाच काळवंडतो. नसेल तर त्यावर डोंगर-दऱ्या उभ्या राहतात, बाजूने उन्हं पडल्यासारख्या. धार म्हणून दाढीचं ब्लेड चालतं. काकांच्या यंत्रात ते ब्लेड, एक एलईडी, दुधाच्या पावडरीचा डबा आणि टूलरूमच्या दिवसांतलं डायल गेज आहे.

ही परीक्षा किती नाजूक आहे ते काका पाहुण्यांना एका खेळातून दाखवतात. आरशावर अंगठा अर्धा मिनिट टेकवायचा, मग ब्लेडमागून बघायचं. जिथे अंगठा होता तिथे काचेवर टेकडी उगवलेली असते! बोटाच्या उबेने काच तेवढी फुगली. मग ती टेकडी डोळ्यांदेखत हळूहळू खचत जाते आणि काही मिनिटांत जमीन सपाट. मी हा खेळ कितीदाही बघू शकतो. काकूंचा प्रश्न मात्र रोकडा होता: "हात लावला तरी बिघडणार असेल, तर ती दुर्बीण वापरायची कशी?"

परीक्षा अशी हळवी, म्हणून घरात तिच्यासाठी कर्फ्यू लागतो. पंखा बंद, कारण हवा हलली की आरशावर ढग सरकल्यासारखे दिसतात. टीव्ही बंद, कारण त्याची ऊब. वरच्या मजल्यावर कोणी चाललं तर ठिपका नाचतो. म्हणजे परीक्षा रात्री साडेअकरानंतर, मालिका संपल्यावर. उकाड्यात, पंख्याविना, घामाघूम होऊन एक सद्गृहस्थ चपलांच्या रॅकपाशी बसून अंधारात ब्लेड सरकवतोय. हे दृश्य ज्या नातेवाइकांनी अचानक येऊन पाहिलं, त्यांनी नंतर बरेच दिवस काकूंना हळू आवाजात फोन केले.

गोलाचा तुकडा मिळाला म्हणून काम संपत नाही. तारे लांब असतात, त्यांच्यासाठी आरसा पॅराबोलाच्या आकाराचा हवा. दोन्ही आकार मध्यभागी जुळवून ठेवले तर काकांच्या आरशाच्या कडेशी त्यांच्यात फरक पडतो मायक्रॉनच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. तेवढ्यासाठी मध्यभाग किंचित खोल करायचा. तसा तो झाला की फुकोच्या परीक्षेत आरशावर फुगीर कडं आणि मधे खळगा दिसतो. पुस्तकात त्याला डोनट म्हणतात. काकू एका रात्री ब्लेडमागे डोळा लावून म्हणाल्या, "मेदूवडा दिसतोय." काका आनंदाने उठून उभे राहिले. त्या घरातलं ते पहिलं बिनचूक निदान होतं.

आता वडा किती फुगीर हवा? त्यासाठी कागदाचा मुखवटा लावून आरशाचे पट्टे पाडायचे आणि प्रत्येक पट्टा कुठे काळवंडतो ते मोजायचं. मध्य आणि कड यांच्या वाचनात २.४ मिलिमीटरचा फरक आला तर जमलं. इथे काका खुशीत आले, कारण हातात डायल गेज होतं. ते ०.०१ मिलिमीटर दाखवतं. पण दोन पट्टे सारखेच काळे झाले, हे ठरवणारा डोळा त्याच्या दसपट चुकतो. डावा पट्टा जास्त काळा की उजवा? काकांना एका रात्री डावा वाटायचा, दुसऱ्या रात्री उजवा. तिसऱ्या रात्री दोन्ही.

मग पुतण्या आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, म्हणजे आत्मविश्वासाच्या शिखरावर. त्याने काकांची वाचनं संगणकात भरली आणि जाहीर केलं, "लॅम्डा भागिले चौदा!" पेढे आले. पेढा खाता खाता काकांना आठवलं की कडेचं एक वाचन आपण ०.१ मिलिमीटर जास्तच धरलं असावं. तेवढं बदललं. "लॅम्डा भागिले नऊ." पेढे परत घेता येत नव्हते. एका डुलक्या डोळ्यावर आरशाचा दर्जा चौदावरून नवावर आला, काचेचा एक कणही न हलता. या विषयातली माझी सगळी नास्तिकता तेव्हापासूनची आहे. लॅम्डाचा आकडा कोणी सांगितला की मी आधी विचारतो: लहरीवरचा की काचेवरचा? सगळ्यात वाईट जागेचा की सरासरीचा? कोणी मोजला? तीनही उत्तरं सोयीची निवडली तर लॅम्डा भागिले पाचचा आरसा एका दुपारी, बसल्या जागी, लॅम्डा भागिले वीस होतो.

पुण्याहून एक जाणकार आले होते. पुण्यात आयुका या खगोलसंस्थेने दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या, अरविंद परांजपे यांच्यासारख्यांनी कितीतरी लोकांना काच घासायला बसवलं, त्यातून तयार झालेल्यांपैकी हे. शिवाय पुण्याला या बाबतीत वडीलकीचा मान आहेच. १८८८ साली तिथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये नेगमवालांनी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली, तिची वीस इंची आरशाची दुर्बीण देशात मोठी म्हणून गाजली. नेगमवाला १९१२ साली निवृत्त झाले आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पाहुणे ते दुःख अजून बाळगून असल्यासारखे बोलत. त्यांनी पिशवीतून रोंचीची जाळी काढली. व्हास्को रोंची या इटालियनाने १९२३ मध्ये ही सोय केली. बारीक समांतर रेघांच्या जाळीतून आरशाकडे बघायचं. गोल असेल तर रेघा सरळ, पॅराबोला असेल तर वाकलेल्या. पाहुण्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "रेघा वाकल्यात."

"वाकायलाच हव्यात ना?" काका.

"हव्यात."

"किती?"

"इतक्या नाही."

यापुढे माहिती मिळाली नाही. चहा घेऊन ते परत गेले. पण जाता जाता कडेशी रेघांची टोकं एकदम वळलेली त्यांनी दाखवली. याला 'कड पडणं' म्हणतात. शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरांत काच खाली घसरलेली असते. हा निकाल मात्र अचूक होता.

आता कोणी म्हणेल, हे सगळे घरगुती घोळ. मोठ्या ठिकाणी असं होत नसेल. त्यांच्यासाठी हबल. २४ एप्रिल १९९० ला ही दुर्बीण आकाशात गेली. खर्च दीड अब्ज डॉलर, आरसा २.४ मीटरचा, पॉलिश इतकं गुळगुळीत की कौतुक करावं. आणि आकार चुकलेला! कडेशी २.२ मायक्रॉन जास्त सपाट. मायक्रॉनमध्ये जगलेला माणूस हे ऐकून खुर्चीतून उठतो. चौकशीत निघालं ते असं: आरसा तपासायच्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं. अंतर मोजणारा प्रकाश मापाच्या सळईच्या टोकाऐवजी तिच्या टोपणावरून परतला, कारण टोपणाचा रंग तिथे उडाला होता. मग भिंग हवं तिथे पोचेना, म्हणून वॉशर घालून बसवलं. हो, वॉशर! आणि मग त्या चुकीच्या उपकरणाबरहुकूम जगातला सगळ्यात काटेकोर चुकीचा आरसा घासला गेला.

मला यातला पुढचा भाग जास्त आवडतो. दुसऱ्या, साध्या उपकरणांवर तपासलं तेव्हा चूक दिसली होती. पण ती उपकरणं कमी अचूक, मुख्य उपकरण जास्त अचूक आणि जास्त महागाचं, म्हणून साध्यांचं म्हणणं बाजूला ठेवलं. आमच्याकडे लग्नात दोन काकांचं न ऐकता अमेरिकेतल्या मामाचं ऐकतात, त्याचीच ही मोठी आवृत्ती. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन हबलला चष्मा लावला. तेव्हापासून जगभरचे हौशी आरसेवाले दाढीचं ब्लेड हातात धरून जरा ताठ बसतात.

काकांनी शेवटी पडलेली कड काळ्या कागदाच्या कड्याने झाकली. १५० मिलिमीटरचा आरसा १४५ चा झाला. कॉलनीत बातमी गेली की काकांचा आरसा आटला.

राहिली शेवटची परीक्षा, ताऱ्याची. मुलामा चढवून, नळीत बसवून, एका ताऱ्यावर दुर्बीण रोखायची आणि फोकस जरा आत, जरा बाहेर करायचा. दोन्हीकडे एकात एक गोल कडी दिसतात. ती सारखी दिसली तर आरसा चांगला. ना आकडा, ना संगणक. यासाठी ध्रुवतारा उत्तम, कारण तो हलत नाही. पण ध्रुवाची उंची आपल्या अक्षांशाएवढी असते आणि नाशिक आहे २० अंशांवर. म्हणजे आपला ध्रुव दिंडोरीच्या अंगाला, इमारतींच्या टाक्यांमागे लपून बसलेला, आणि त्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या तिप्पट हवा कापून येणार. कडी उकळत्या पाण्यात पडल्यासारखी दिसतात. त्यात आरसा घरातून नुकताच बाहेर आणलेला असला तर तो निवेपर्यंत तासभर कुठलाही निकाल खोटा. आणि आमच्याकडे निकालाला तासभर कोण थांबतो?

जुन्या लोकांनी यावर दिवसाचा तारा शोधून ठेवला आहे. लांबच्या विजेच्या खांबावरच्या गुळगुळीत इन्सुलेटरवर ऊन पडलं की त्याची तिरीप ताऱ्यासारखी, ठिपक्याएवढी दिसते. एकलहऱ्याकडून येणाऱ्या लाईनींमुळे नाशकात या ताऱ्यांना तोटा नाही. काका सकाळी गच्चीवरून खांबावर दुर्बीण रोखून बसू लागले. तिसऱ्या दिवशी वायरमन वर आला आणि त्याने अत्यंत नम्रपणे विचारलं, "काही तक्रार आहे का, साहेब?"

मग नोव्हेंबर २०२५ मध्ये अंजनेरीच्या पायथ्याशी दुर्बीण लोकांना दाखवायची ठरली. शनी संध्याकाळीच वर होता. रांग लागली. पहिल्याने डोळा लावला आणि विचारलं, "कडं कुठंय?" कडं नव्हतंच. म्हणजे होतं, सुईने ओढलेल्या रेघेएवढं. दर साधारण पंधरा वर्षांनी शनीचं कडं पृथ्वीवरून बरोबर कडेने दिसतं. २३ मार्च २०२५ ला तसं झालं होतं आणि नोव्हेंबरात पुन्हा ते जवळजवळ मिटलं होतं. हे काकांनी सांगितलं, पण रांगेत ऐकणारे कमी आणि निकाल देणारे जास्त. "आरशात दोष आहे. मी २०१७ ला बघितलं होतं तेव्हा चांगलं रुंद कडं होतं," एक गृहस्थ म्हणाले. २०१७ ला ते सगळ्यात जास्त उघडलेलं होतं, गृहस्थांची स्मृती निर्दोष होती. १६१२ मध्ये गॅलिलिओसमोरूनही शनीचं रूप असंच पालटलं, तेव्हा आपल्या भिंगांनीच आपल्याला फसवलं की काय, ही शंका त्यालाही आली होती. तेव्हा गृहस्थांना सोबत मोठी आहे. एका मुलाने फोकस बिघडवून ताऱ्याची कडी पाहिली आणि मध्यभागचा काळा ठिपका बघून ओरडला, "आरशाला भोक आहे!" ती आतल्या छोट्या आरशाची सावली. पण तोवर भोकाची बातमी रांगेच्या शेवटापर्यंत गेली होती.

गर्दी पांगल्यावर, पुनर्वसू वर आल्यावर काकांनी त्यातल्या कॅस्टर ताऱ्यावर दुर्बीण लावली. एक तारा नव्हता, दोन होते, मध्ये स्वच्छ काळी फट. काकूंनी बघितलं. "दोन आहेत," म्हणाल्या. काकांनी डायल गेज मागितलं नाही.

माझ्या मते काकांचा आरसा चांगला आहे. पाव लॅम्डाच्या आत नक्की, चौदाव्या भागात नक्कीच नाही.

तुम्ही दुर्बीण विकत घेणार असाल तर एवढंच करा. कागदावरचा लॅम्डा वाचू नका, ओरखडे मोजू नका, आरशात भांग पाडू नका. दुर्बीण तासभर बाहेर निवू द्या, डोक्यावरच्या एखाद्या ताऱ्यावर लावा, फोकसच्या आत आणि बाहेर कडी सारखी दिसतात का बघा आणि मगच पैसे द्या. विकणारा म्हणेल, आज आभाळ आहे, पण माझ्यावर विश्वास ठेवा. विश्वास ठेवा, पण दुसऱ्या दिवशी या. आणि जून ते सप्टेंबर नाशकात दुर्बीण मुळीच खरेदी करू नका.